गराचा टोमॅटो: बी पेरण्यापासून पातेल्यापर्यंत

पहिल्या वर्षी बागेतले पाच किलो टोमॅटो पातेल्यात चढवले. गोल, लालबुंद, चावला की हनुवटीवर रस ओघळणारे. दुपारी दोनला गॅस पेटवला आणि अंधार पडला तरी पातेल्यात पळीवरून सरसर ओघळणारं लाल पाणीच होतं. शेवटी बुडाला करपलं, वर मात्र पातळच राहिलं. चूक स्वयंपाकघरात झालीच नव्हती. ती चार महिने आधी, बियांचं पाकीट निवडताना झाली होती.

टोमॅटोत साधारण ९४-९५ टक्के पाणी असतं. पेस्ट म्हणवून घ्यायला त्यातला घन भाग २४-२५ टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो. आता हिशोब करा. फळात घन भाग ५ टक्के असेल तर एक किलो पेस्टला पाच किलो टोमॅटो लागतात आणि चार लिटर पाणी आटवावं लागतं. तोच ६ टक्के असेल तर सव्वाचार किलोच्या आसपास फळं पुरतात आणि आटवायचं पाणी सव्वातीन लिटरच्या आत येतं. एका टक्क्याचा फरक, पण शेगडीपुढचा पाऊण-एक तास वाचतो. म्हणून या पिकाचा विचार मी नेहमी पातेल्यापासून मागे करत जातो: फळात पाणी कमी हवं, फळं एकदम हवीत आणि ती बुडाशी सडलेली नकोत. पुढचं सगळं या तीन गोष्टींसाठी आहे.

वाण निवडताना

गराचा टोमॅटो, म्हणजे पेस्टसाठी लावायचा टोमॅटो, आडवा कापून पाहा. सॅलडच्या टोमॅटोत पाच-सहा, कधी त्याहून जास्त कप्पे आणि त्यात बुळबुळीत रसात तरंगणाऱ्या बिया दिसतात. याच्यात दोन-तीनच कप्पे, बिया थोड्या आणि भिंत जाड. तसाच खाल्ला तर हा टोमॅटो बऱ्याचदा निराशा करतो, थोडा कोरडा आणि पिठूळ लागतो. त्याची चव आटल्यावर उघडते. त्यामुळे वेलीवरून तोडून चाखून वाणाबद्दल मत बनवू नका.

पिढीजात वाण म्हणजे पिढ्यानपिढ्या बी धरत आलेला सरळ वाण. त्याचं बी धरलं की पुढच्या वर्षी तसंच झाड येतं. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलं असेल तर ते संकरित आहे. त्याचं पीक चांगलं येईल, पण घरी धरलेल्या बियांतून काय निघेल याचा भरवसा नाही.

सगळ्यात नावाजलेला वाण सान मार्झानो. मूळ इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याजवळच्या सुपीक पट्ट्यातला. तिथे पिकलेल्या सान मार्झानोच्या नावाला १९९६ पासून युरोपात भौगोलिक संरक्षण आहे, पण बी कुठेही पेरता येतं. फळ लांबुळकं, टोकदार. वेल उंच जाते आणि हंगामभर फळत राहते. रोमा हा त्या मानाने नवा, अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५५ मध्ये आणलेला. काटेकोर अर्थाने तो पिढीजात नाही, पण सरळ वाण आहे, बुटका आहे आणि फळं थोड्या आठवड्यांत एकदम देतो. पाकिटावर ‘रोमा व्हीएफ’ असेल तर त्यातली अक्षरं व्हर्टिसिलियम आणि फ्युजॅरियम या मर रोगांना तोंड देण्याची ताकद सांगतात. आमिश पेस्टची फळं मोठी, काहीशी बदामाच्या आकाराची आणि गराच्या टोमॅटोंच्या मानाने रसाळ, त्यामुळे आटवायला वेळ जास्त, पण चव भरघोस. पोलंडकडून आलेली ओपाल्का लांब मिरचीसारखी दिसते आणि तिच्यात बिया इतक्या कमी असतात की बी धरताना वैताग येतो. प्रिंचिपे बोर्गेझे हा छोटा इटालियन वाण मुळात वाळवण्यासाठीचा, पेस्टच्या फंदात त्याला ओढू नये.

पहिलंच वर्ष असेल तर दोनच वाण घ्या: एक झुडपी, एक उंच वाढणारा. झुडपी वाणाची वाढ ठरावीक उंचीला थांबते आणि बहुतेक फळं एका झटक्यात पिकतात, म्हणजे पातेलं एकदाच भरतं. उंच वाण दर आठवड्याला थोडी थोडी फळं देत राहतो. ती साठवत बसावी लागतात, पण एकूण तोडा जास्त होतो. मी स्वतः रोमाची सहा आणि सान मार्झानोची चार रोपं लावतो.

बी पेरणी

तारखेचं गणित उलटं मांडायचं. जिथे कडक थंडी पडते आणि दहिवर गोठतं, तिथे शेवटच्या गोठणाऱ्या रात्रीच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात पेरा. उष्ण हवेत रोपं चार-पाच आठवड्यांतच तयार होतात, तिथे वेगळी गोष्ट बघायची: फुलं येतील तेव्हा रात्रीचं तापमान १५ ते २१ अंशांदरम्यान असेल असा मुहूर्त साधायचा. दिवसा पारा ३२-३५ अंशांवर आणि रात्री २४ च्या वर राहिला की फुलं येतात, देठापाशी पिवळी पडतात आणि गळतात. झाड हिरवंगार, उंच, निरोगी, आणि फळ एकही नाही, हा अनुभव बहुतेकदा चुकलेल्या तारखेमुळे येतो.

माती बागेतली नको. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, साधारण तीनास एक, एवढं मिश्रण पुरे. आधी ते ओलं करून घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पेरून झाल्यावर वरून पाणी ओतलं तर बिया तरंगून एका कोपऱ्यात गोळा होतात. प्रत्येक कप्प्यात दोन बिया, अर्ध्या सेंटिमीटरवर. वर पातळ प्लास्टिक किंवा झाकण ठेवून ट्रे उबदार जागी ठेवा. २१ ते २७ अंशांत पाच ते दहा दिवसांत कोंब वर येतात. १० अंशांच्या खाली बी उगवत नाही, नुसतं सडत पडतं.

पहिला कोंब वाकून मातीतून डोकं काढताना दिसला की त्याच दिवशी झाकण काढा आणि ट्रे उजेडात न्या. उद्यावर ढकलू नका. अंधारात गेलेल्या एका दिवसाची लांबी त्या देठात कायमची राहते. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. ते काचेकडे झुकतं, लांबतं, दोऱ्यासारखं होतं. साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या पाच-आठ सेंटिमीटर वर टांगून रोज १४ ते १६ तास लावली की हा प्रश्न मिटतो. रोप वाढेल तशी ट्यूब वर सरकवायची. येता-जाता शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवावा. वाऱ्याने हलल्यासारखं झालं की रोपाचं खोड आखूड आणि जाड होतं. हे ऐकायला वेडगळ वाटतं, पण खरं आहे.

या वयातला मोठा शत्रू म्हणजे रोपं कोलमडणं. संध्याकाळी ठणठणीत असलेलं रोप सकाळी जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं असतं. ही बुरशी सतत ओल्या मातीत आणि कोंदट हवेत फोफावते आणि पडलेलं रोप उठत नाही. उपाय आधीच करायचा: पाणी ट्रेच्या तळाला द्यायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं, वरची माती जरा सुकू द्यायची आणि छोटा पंखा लांबून फिरता ठेवायचा. प्रत्येक कप्प्यातलं दुबळं रोप उपटू नका, कात्रीने कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात.

पहिली दोन पानं गुळगुळीत, लांबट असतात. ती बियातलीच. त्यानंतर दातेरी खरी पानं येतात. त्यांची एक-दोन जोडपी झाली की रोप दहा सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा आणि बियातल्या पानांपर्यंत खोड मातीत गाडा. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागातून मुळं फुटतात, त्यामुळे थोडं लांबलेलं रोपही इथे सावरून घेता येतं. हलवताना खोडाला धरू नका, पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येईल.

बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपांना उन्हाची सवय लावा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग कोवळं ऊन, मग दुपारचं. घाई केली तर पानं पांढरी, कागदासारखी होतात आणि रोपाचे दोन आठवडे वाया जातात.

लागवड

दिवसाला किमान सहा, शक्यतो आठ तास ऊन मिळणारी जागा निवडा. जिथे गेल्या तीन वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटे नव्हते अशी असावी, कारण ही एकाच कुळातली पिकं आहेत आणि त्यांचे रोग मातीत दबा धरून बसतात. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) ६.२ ते ६.८ च्या दरम्यान चांगला. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. नत्र जास्त झालं की झाड पानांनी माजतं आणि फळं उशिरा धरतं. अमोनियाच्या रूपातलं नत्र फळाच्या सडीलाही हातभार लावतं. रोप लावताना मूठभर गांडूळखत, पहिली फळं गोटीएवढी झाल्यावर पोटॅश जास्त असलेलं खत एकदा, मग तीन आठवड्यांनी पुन्हा. माझ्या बागेला एवढं पुरतं.

माती १५-१६ अंशांपर्यंत तापली आणि वापसा आला, म्हणजे ती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की लावा. खालची पानं काढून रोपाचा निम्म्याहून जास्त भाग खड्ड्यात गाडा. रोप फार उंच असेल तर उथळ चर खणून आडवं निजवा आणि शेंडा तेवढा वर काढा. झुडपी वाणांत ४५ ते ६० सेंटिमीटर, उंच वाणांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवा. लावल्या दिवशी हे अंतर मोकळंढाकळं वाटतं. दोन महिन्यांनी हात घालायला जागा उरत नाही. काठ्या आणि तारा त्याच दिवशी रोवा, नंतर रोवताना मुळं तुटतात.

पाणी, आणि काळं बूड

गराच्या टोमॅटोचं सगळं दुखणं पाण्याशी येऊन थांबतं. लांबुळक्या फळांना बुडाशी सड फार लागते आणि सान मार्झानो त्यात पुढे. हिरव्या फळाच्या टोकाला आधी पाणचट डाग दिसतो, मग तो तपकिरी, चामड्यासारखा आणि आत दबलेला होतो. हा रोग नाही, कीडही नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नसतं.

मातीत ते बहुतेक वेळा भरपूर असतं. पण कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी जिकडे बाष्पीभवन जास्त तिकडे, म्हणजे पानांकडे पळतं. फळातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला थोडं येतं आणि लांब फळाच्या शेवटच्या टोकाला सगळ्यात थोडं. त्यात माती एकदा कोरडी ठक्क आणि एकदा चिखल झाली की पुरवठा तुटतो, आणि नेमक्या त्या दिवसांत वाढणारं टोक मरतं. एका वर्षी मी पाच दिवस बाहेरगावी गेलो. परत आल्यावर अपराधी वाटून नळ तासभर सोडून ठेवला. दहाएक दिवसांनी पहिल्या घोसातल्या बहुतेक फळांची बुडं काळी. मी अंड्याची कवचं कुटून घातली. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण कवचं मातीत विरघळायला हंगाम पुरत नाही. पानांवर कॅल्शियम फवारूनही फारसं साधत नाही, ते पानातून फळात जात नाही. ती फळं तोडली, पाणी नियमित केलं आणि तिसऱ्या घोसापासून पुढे फळं स्वच्छ आली.

तर पाणी किती? आठवड्याला २५ ते ४० मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरला २५ ते ४० लिटर. कडक उन्हात जास्त. ते रोज शिंतोडे उडवून द्यायचं नाही. दोन-तीन वेळा, खोलवर, मुळाशी. पण आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला, तिथे कोरडं लागलं तर पाणी, ओल लागली तर उद्या पाहू. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच नळाकडे धावू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही माना टाकलेल्या दिसल्या तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे, किंवा मुळांत बिघाड आहे.

माती तापल्यावर पेंढा किंवा वाळक्या पानांचं पाच-आठ सेंटिमीटर आच्छादन घाला. ओल टिकते, आणि पावसाच्या थेंबांनी मातीतले रोगाचे कण खालच्या पानांवर उडत नाहीत. हे एक काम केलं नाही तर बाकीच्या मेहनतीचं निम्मं फळ हाती लागतं.

फळं पिकायला लागली की पाणी थोडं कमी करा. पूर्ण बंद करू नका, कमी करा. गर दाट होतो आणि फळं तडकत नाहीत.

बगलफूट, फुलं आणि किडी

पान आणि खोड यांच्या बेचक्यात निघणारा कोंब म्हणजे बगलफूट. उंच वाणांत एक किंवा दोन मुख्य फांद्या ठेवून बाकीची बगलफूट बोटभर असतानाच सकाळी मोडून टाका. झुडपी वाणांत हा मोह आवरायचा, कारण त्या फांद्यांवरच फळं असतात. तिथे पहिल्या फुलांच्या खालची तेवढी काढा, बाकीला हात लावू नका. दोन्हींत जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं हळूहळू काढून टाका, खाली हवा खेळती राहते.

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, पण पराग झडायला हलकासा हादरा लागतो. वारा किंवा भुंगे तो देतात. जाळीआड किंवा बंद जागेत झाडं असतील तर सकाळी उशिरा, फुलं कोरडी असताना, घोसाच्या देठाला बोटाने टिचकी मारा.

लवकर येणारा करपा खालच्या पानांवर एकात एक गोल वलयं काढत वर चढतो. ती पानं दिसताच काढा, कंपोस्टात टाकू नका. उशिरा येणारा करपा जास्त घातक. थंड, ढगाळ, दमट हवेत पानांवर तेलकट काळपट डाग येतात आणि चार-सहा दिवसांत अख्खं झाड जातं. असं झाड उपटून लगेच बागेबाहेर न्या, त्याची दयामाया करू नका. शेंड्याची पानं आखडून, पिवळी पडून वाटीसारखी झाली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्यावर औषध नाही. माशीसाठी पिवळे चिकट सापळे रोपवाटिकेपासूनच लावायचे. फळ पोखरणारी अळी भोकाशेजारी ओली विष्ठा सोडते. ते फळ अळीसकट काढून नष्ट करा. शेजारी झेंडू लावला तर बरीचशी अंडी झेंडूवर जातात.

तोडणी आणि पातेलं

फळावर पहिली गुलाबी झाक आली की ते झाडावरून काढून घरात पिकवता येतं, चवीत विशेष फरक पडत नाही आणि पक्षी, पाऊस, तडे यांतून सुटका होते. हवा ३० अंशांच्या वर असेल तर हेच करावं. त्या उष्णतेत लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि देठाजवळचा भाग पिवळाच राहतो. पेस्टसाठी मात्र फळ पूर्ण लाल, बोटाला किंचित नमणारं हवं. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव मरते.

पातेलं भरेल एवढी फळं एकदम मिळत नसतील तर पिकलेली फळं धुऊन, पुसून तशीच अख्खी फ्रीझरमध्ये टाकत जा. यात एक फायदा दडलेला आहे. वितळल्यावर साल हाताने सुटते आणि फळातलं बरंचसं पाणी वेगळं होऊन तळाला साचतं. ते गाळून बाजूला केलं की आटवायचा वेळ कितीतरी वाचतो. पातेलं पसरट घ्या, खोल नको. शेवटच्या टप्प्यात पळी तळाला फिरवल्यावर पडलेली वाट क्षणभर तशीच उघडी राहिली की पेस्ट झाली. घरी साठवण्याचा सोपा मार्ग म्हणजे बर्फाच्या साच्यात गोठवणं. बरणीत बंद करून खोलीच्या तापमानाला ठेवायचं असेल तर आंबटपणाची काळजी घ्यावीच लागते, सामू ४.६ च्या खाली हवा. प्रमाणित पद्धतीने निर्जंतुक केलेल्या लिटरभर बरणीतही दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस घालायचा असतो. अंदाजाने करायचं हे काम नाही.

बी धरणं

फळ निवडू नका, झाड निवडा. ज्या झाडाची बुडं काळी पडली नाहीत, ज्याने भरपूर आणि एकसारखी फळं दिली, त्यावर सुरुवातीलाच दोरा बांधून ठेवा. त्याची पूर्ण पिकलेली तीन-चार फळं कापून बिया रसासकट काचेच्या ग्लासात काढा, थोडं पाणी घाला, वर कापड बांधा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरते आणि नाक मुरडावं असा वास येतो. बियांभोवतीचा बुळबुळीत थर, जो उगवण रोखतो, तो आंबून सुटलेला असतो. यापुढे थांबलात तर बिया ग्लासातच मोडतात. भरपूर पाणी ओता. चांगल्या बिया तळाला बसतात, पोकळ वर येतात. वरचं दोन-तीनदा ओतून टाका, बिया गाळणीत धुवा आणि चिनी मातीच्या बशीवर पसरा. कागदावर नको, चिकटून बसतात. सावलीत, रोज एकदा बोटाने हलवत, आठवडाभरात त्या खडखडीत आणि केसाळ होतात.

पाकिटावर वाण आणि वर्ष लिहा. कोरड्या, थंड जागी हे बी चार-पाच वर्षं सहज उगवतं. जुन्या पाकिटाबद्दल शंका असेल तर दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून उबेला ठेवा. आठवडा-दहा दिवसांनी सात-आठ फुटल्या तर नेहमीसारखं पेरा, तीन-चारच फुटल्या तर कप्प्यात दोनाऐवजी चार बिया टाका.